पांगुळगाड्याचा प्रवास

दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाईस आरंभ होतो. वर्षभर माळ्यावर साचलेले सामान खाली उतरते. कान तुटलेले पातेले, गतवर्षीचा मोडका आकाशकंदील, कुणाच्या तरी लग्नातली रिकामी ट्रंक, अशा वस्तूंचा अंगणात ढीग पडतो. एका दिवाळीस आमच्या घरी या ढिगातून एक पांगुळगाडा निघाला. त्याचा रंग केव्हाच उडून गेला होता. एक चाक मूळच्या चाकांहून निराळ्या लाकडाचे होते. हाताची मूठ मात्र अशी गुळगुळीत झाली होती की, जणू कुणी तिला रोज तेल लावून पुसत असावे. तिला तेल कुणी लावले नव्हते. अनेक लहानग्या तळहातांनी ती घासली होती. पहिले पाऊल टाकणाऱ्या किती बाळांनी तिचा आधार घेतला होता, ते आजीनेच मोजून सांगितले. ती संख्या सात भरली.

थोरल्या भावंडाने वापरलेली वस्तू आपल्या वाट्यास यावी, याचे आपणांस पुष्कळदा वाईट वाटते. "मला नेहमी दादाचाच सदरा का?" ही तक्रार कोणत्या घरात ऐकू येत नाही? सदऱ्याच्या बाबतीत या तक्रारीत थोडे तथ्यही असेल. कापड वापराने विरते, त्याचा रंग जातो, कोपरावर ठिगळ लागते. परंतु अंगणात खेळावयाच्या खेळण्यांची गोष्ट वेगळी आहे. चांगल्या लाकडाचे, नीट घडविलेले खेळणे वापराने सहसा बिघडत नाही. पुष्कळदा ते सुधारते. त्याच्या टोकदार कडा बोथट होतात. लाकडाचे बारीक तूस, जे कोवळ्या हातात रुतण्याची भीती असते, ते झिजून नाहीसे होते. जे कच्चे असते ते लवकर मोडते आणि त्याच्या जागी कुणीतरी पक्के बसवितो. म्हणजे तिसऱ्या बाळाच्या हाती येणारे खेळणे हे पहिल्या दोघांनी पारखून घेतलेले असते.

पांगुळगाड्याची रचना पाहिली तर हे चांगले ध्यानात येईल. लाकडाची एक त्रिकोणी बैठक असते. तिला पुढे एक आणि मागे दोन चाके असतात. मागच्या बाजूस दोन दांडे उभे केलेले असतात व त्यांना जोडणारी एक आडवी मूठ असते. मूल मागे उभे राहते, मूठ धरते आणि गाडा पुढे ढकलते. इतकी साधी ही वस्तू. पण तिच्यात विचार आहे. चाके तीनच का? चार पायांच्या टेबलाचा एक पाय जरासा आखूड असला की टेबल डुगडुगू लागते. तीन पायांची तिवई मात्र कशाही जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही. कारण कोणतेही तीन बिंदू नेहमी एका प्रतलात बसतात. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असे नाही. अंगणातील जमीन कुठे उंच, कुठे खोलगट. अशा जमिनीवर तीन चाकांचा गाडा तिन्ही चाके टेकवून उभा राहतो आणि बाळाचा विश्वास ढळत नाही.

हे खेळणे घराबाहेरचे का, याचेही कारण आहे. घरातील गुळगुळीत फरशीवर चाके झरकन पुढे पळतात. बाळाचे पाय मागे राहतात आणि ते पालथे पडते. अंगणातील माती चाकांना किंचित अडविते. गाडा बाळाच्या पावलाइतकाच पुढे सरकतो. थांबायचे केव्हा, हे बाळ ठरविते. गाडा ठरवीत नाही. हल्ली बाजारात, मुलाला मध्ये बसवून ठेवणारे, चाकांचे गोल वॉकर मिळतात. त्यांत मूल आपल्या तोलाने उभे राहत नाही. मात्र क्षणार्धात जिन्यापर्यंत किंवा चुलीपर्यंत जाऊन पोहोचते. त्यामुळे होणारे अपघात पाहून कॅनडा देशाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला पांगुळगाडा त्याहून वेगळा आहे. तो मुलाला वाहून नेत नाही, मूलच त्याला नेते. तरीही मोठे माणूस जवळ असावे लागतेच. पायऱ्या, विहीर व उतार यांपासून गाडा दूर ठेवावा लागतो.

आता थोडे गणित करू. मूल उभे राहू लागले की त्यास हा गाडा हवासा वाटतो आणि ते निर्धास्त धावू लागले की नकोसा होतो. ही मुदत काही महिन्यांची. समजा, ती सहा महिन्यांची आहे. एका घरात तीन मुले असली तरी सगळी मिळून दीड वर्ष तो गाडा वापरतील. उलट चांगल्या लाकडाचा गाडा वीस-पंचवीस वर्षे सहज टिकतो. मग उरलेली वर्षे त्याने काय करावे? माळ्यावर धूळ खात पडावे? नाही. त्याने शेजारच्या अंगणात जावे, तेथून मामाच्या गावी जावे आणि पुन्हा घरी नवे बाळ आले की परत यावे. ज्या वस्तूची गरज प्रत्येकाला थोडाच काळ असते, ती वस्तू एकाची असून अनेकांची होऊ शकते. हा हिशेब आपल्या आजी-पणजींना पाटी-पेन्सिल न घेता येत होता.

परंतु हिशेब समजणे वेगळे आणि वस्तू हातातून सोडणे वेगळे. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी सात वर्षांचा होतो. तो गाडा प्रथम ताईसाठी गावच्या सुताराने घडविला होता आणि ताईनंतर तो माझा झाला होता. मी तो कधीच वापरीत नव्हतो. पण त्यात दगड भरून 'मालगाडी' करण्याचा माझा हक्क मी सोडला नव्हता. एके दिवशी शेजारच्या काकू आईकडे आल्या. त्यांचे बाळ भिंतीस धरून उभे राहू लागले होते. आई सहज म्हणाली, "घेऊन जा की, आमच्याकडे नुसता पडून आहे." ते ऐकताच मी धावत जाऊन गाड्यावर बसलो आणि "माझा आहे, मी देणार नाही" म्हणून रडू लागलो. काकू अवघडल्या. आई रागावली. आता पाठीत धपाटा बसणार, इतक्यात आजी बाहेर आली.

आजीने ना मला समजाविले, ना गाडा ओढून घेतला. ती काकूंना म्हणाली, "चार दिवस थांब गं. अजून गाडा तयार नाही." आणि मला म्हणाली, "चाके कुरकुरतात बघ. वंगण तू लावायचेस." त्या चार दिवसांत मी चाकांच्या आसांना वंगण लावले, सैल झालेली खीळ सुताराकडून ठोकून आणली, धूळ पुसली. पाचव्या दिवशी आजीने गाडा माझ्याच हाती दिला आणि म्हणाली, "तुझा आहे ना? मग तूच नेऊन दे. आणि कसा धरायचा, तेही त्याला दाखव." मी गेलो. बाळाची बोटे मुठीवर ठेवली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आईकडे पाहिले आणि गाडा पुढे ढकलला. एक पाऊल, दुसरे पाऊल, आणि मग ते मटकन खाली बसले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मला त्या पाण्याचे कारण तेव्हा कळले नाही. पण घरी परतताना आपण काहीतरी गमावले आहे असे मला वाटले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच मी दप्तर टाकले आणि पहिली धाव काकूंच्या अंगणाकडे घेतली.

देण्यामध्ये आणि काढून घेण्यामध्ये किती अंतर आहे, हे आपल्या एका प्राचीन नाटकात फार सुंदर रीतीने दाखविले आहे. शूद्रक कवीचे 'मृच्छकटिक' हे ते संस्कृत नाटक. गोविंद बल्लाळ देवल यांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. 'मृच्छकटिक' या शब्दाचा अर्थच 'मातीची गाडी' असा आहे. चारुदत्त हा उदार, पण दरिद्री झालेला गृहस्थ. त्याचा लहानगा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळतो. शेजारचा मुलगा आपली गाडी घेऊन जातो. रोहसेन रडू लागतो. दासी त्याला मातीची गाडी करून देते. परंतु त्याचे समाधान होत नाही. ते पाहून वसंतसेनेचे अंतःकरण द्रवते. ती अंगावरील दागिने उतरविते आणि त्या मातीच्या गाडीत भरते. पुढे नाटकात या दागिन्यांवरून मोठा अनर्थ ओढवतो, तो भाग निराळा. आपण ध्यानात ठेवायचे ते इतकेच की, त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले ते खेळणे दाखवून परत नेल्यामुळे. ज्याला द्यायचे त्याला ते मनापासून द्यावे. उद्या परत मागण्याची अट मनात ठेवून दिलेले खेळणे घेणाऱ्याला सुख देत नाही.

मातीच्या गाड्यांची परंपरा त्याहूनही जुनी आहे. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत भाजलेल्या मातीच्या छोट्या गाड्या, त्यांची चाके, प्राण्यांच्या आकृती आणि आत खडे घातलेले खुळखुळे सापडले आहेत. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही खेळणी आज आपण संग्रहालयांत पाहू शकतो. मूल बदलले, गाव बदलले, भाषा बदलली. पण चाक ढकलताच ते पुढे जाते, याचा आनंद तसाच राहिला.

पांगुळगाडा तर लहानग्यांचा. त्यापुढच्या वयातील खेळणीही अशीच हातोहात येतात. वडिलांच्या सायकलचा झिजलेला टायर घ्या. सायकलच्या दृष्टीने तो निरुपयोगी; पण हातात एक काठी असली की तोच टायर मुलाला वेशीपर्यंत पळवितो. तो पळता पळता उभा कसा राहतो? चालते चाक ज्या अंगाला कलते त्याच अंगाला वळते आणि वळता वळता पुन्हा सावरते. वेग कमी झाला की ते डगमगते व आडवे होते. पुस्तकात हे पुढे केव्हातरी शिकाल. काठी हाती असलेल्या मुलास ते आधीच ठाऊक असते.

भोवऱ्याचेही तसेच. बाजारातून आणलेल्या नव्या भोवऱ्याची आर नेमकी मध्यावर बसलेली नसली तर तो थरथरतो, भरकटतो आणि लवकर आडवा होतो. थोरला भाऊ ती आर ठोकून, दगडावर घासून सरळ करतो. हळूहळू भोवरा असा फिरू लागतो की, तो फिरतो आहे की स्तब्ध उभा आहे, हे दुरून ओळखू येऊ नये. असा भोवरा धाकट्याला मिळतो तेव्हा लाकडाबरोबर दादाचे सगळे श्रमही मिळतात. शिवाय जाळी कशी गुंडाळावी, किती घट्ट ओढावी, मनगटाला झटका केव्हा द्यावा, हे शिकविण्यास दादा समोर उभा असतो. विटी कुठे टोलवावी, लगोरीची कौले कशी रचावी म्हणजे चेंडू लागताच ती सगळी एकदम ढासळणार नाहीत, हेही असेच मिळते. दुकानात भोवरा विकत मिळतो. भोवरा फिरविण्याची हातोटी मात्र तेथे मिळत नाही. जुन्या खेळण्याबरोबर हीच हातोटी न मागता पदरात पडते, आणि याच कारणाने ते नव्याहून अधिक मोलाचे ठरते.

याचा अर्थ नवी खेळणी घेऊच नयेत, असा नाही. कुणीतरी पहिले असावेच लागते. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कातारी, सुतार व चितारी यांच्या हातांना काम मिळावे, हे योग्यच आहे. मात्र घेताना असे खेळणे घ्यावे की, ते आपल्या नंतरच्या चार मुलांना पुरेल. चार दिवसांत मोडणारी दहा खेळणी घेण्यापेक्षा असे एक बरे.

जुने खेळणे देताना काही काळजी मात्र अवश्य घ्यावी. मोडके ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणे याला देणे म्हणत नाहीत. तो आपल्या घरचा केर दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. खेळणे देण्यापूर्वी ते उलटेसुलटे करून पाहावे. खिळा वर आला आहे काय? चाक निसटते काय? लाकडाला चीर गेली आहे काय? तीन वर्षांहून लहान मूल हाती येईल ते तोंडात घालते. म्हणून सुटून येणारा मणी, बटण किंवा लहान चाक अशा खेळण्यास असता कामा नये. ते घशात अडकू शकते. जुन्या तेलरंगाविषयी विशेष सावध असावे. पूर्वी पुष्कळ रंगांत शिसे असे, आणि शिसे हे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करणारे विष आहे. आपल्या देशात २०१६ साली केलेल्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असे बंधन घातले. त्याआधीच्या खेळण्याच्या रंगाचे पोपडे निघत असतील तर ते बाळास देऊ नये. तो रंग मुलांनी स्वतः खरवडूही नये, कारण त्याची धूळही तितकीच वाईट.

एकमेकांची खेळणी वापरण्याची ही रीत केवळ नातलग-शेजाऱ्यांपुरती राहिली पाहिजे, असेही नाही. १९३५ साली, मोठ्या आर्थिक मंदीच्या काळात, अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे खेळण्यांचे वाचनालय सुरू झाले. वाचनालयातून पुस्तक न्यावे तसे मुलांनी खेळणे घरी न्यावे, खेळावे आणि ठरल्या दिवशी नीट परत आणावे, अशी ती योजना होती. पुढे अशी खेळणीघरे जगातील अनेक देशांत निघाली. आपल्या शाळेत किंवा वाडीत एका कपाटापासून असे काही करता येणार नाही काय? कपाट नसेल तर एक जुनी ट्रंकही पुरे.

आता पुन्हा त्या माळ्यावरच्या गाड्याकडे येऊ. तो शेजारच्या काकूंकडून त्यांच्या बहिणीकडे गेला होता, तेथून आमच्या मामाकडे. मामाने त्याचे मोडलेले चाक बदलले. ते निराळ्या लाकडाचे चाक त्यांनीच बसविलेले. पुढे मूठ सैल झाली, ती कुणी पाचर मारून घट्ट केली. अखेर ताईच्या मुलासाठी तो घरी परत आला, आणि तो मुलगा धावू लागल्यावर माळ्यावर गेला. त्या दिवाळीस आम्ही तो खाली काढला तेव्हा ताईचा मुलगा दहा वर्षांचा झाला होता. त्याने गाड्याकडे पाहिले, मूठ हाताने चाचपली आणि विचारले, "आता हा कुणाला द्यायचा?"

आजी काही बोलली नाही. तिने वंगणाची डबी तेवढी त्याच्यापुढे सरकविली.

अभ्यास

१. पांगुळगाड्यास तीन चाके असण्याचा लाभ कोणता?
२. पांगुळगाडा व गोल वॉकर यांतील भेद सांगा.
३. "अजून गाडा तयार नाही," असे आजी का म्हणाली असेल? तयार कोण व्हायचे होते?
४. जुने खेळणे लहान मुलास देण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात?
५. तुमच्या घरातील एखादे जुने खेळणे कुणाकुणाच्या हातून आले, ते घरातील वडील माणसांना विचारा आणि त्याचा प्रवास दहा-बारा ओळींत लिहा.